कलकत्त्याभोवती फेऱ्या

डावा हात छातीवर ठेवायचा, डोळे मिटायचे, मान थोडी तिरकी करायची आणि दाढ दुखत असल्यासारखा चेहरा करून म्हणायचं, "ओझं आलं सिस्टर. ओझं आलं माह्यावर."

पहिल्यांदा हे पाहणारा माणूस घाबरायचा. ब्रह्मपुरीच्या आमच्या शाळेत नवीन लागलेल्या एका शिपायाने तर आमच्या बाबूला खुर्चीत बसवून वहीने वारा घातला होता. आम्ही जुनी माणसं मात्र जागची हलत नसू. ओझं म्हणजे प्रार्थनेचं ओझं. देव एखाद्या गावाचं दुःख एखाद्याच्या काळजावर ठेवतो आणि मग त्या माणसाला प्रार्थना केल्याशिवाय चैन पडत नाही, असं आमच्या चर्चच्या मंडळीत मानतात. मीही मानते. माझी आई असं ओझं वाहणारी होती, पण ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही. भांडी घासता घासता पुटपुटायची, एवढंच. याच्यावर ओझं यायचं ते चारचौघांत, आणि बहुतेक वेळा एखादं काम समोर आलं की.

चर्चमध्ये तो ब्रदर, शाळेत बाबू, आणि माझ्या घराच्या भिंतीपलीकडचा शेजारी. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करत असे. इथं करणार नाही. नावही घेणार नाही. तुमच्या ओळखीत असा कुणी असेलच. त्याचं नाव याला लावून पाहा, बसेल.

जून महिन्यात शाळेत दाखल्यांसाठी पोरांची रांग लागायची. आडगावांतून मिळेल त्या जीपला लटकून आलेली पोरं खिडकीसमोर ताटकळत उभी, आणि हा आत डोळे मिटून. मध्येच एक डोळा उघडून म्हणायचा, "चूप राहा ना रे पोट्टेहो. तिकडं भूकंपात लोकं मरून राह्यले अन् तुमाले दाखल्याची पडली." पोरं शरमून गप्प व्हायची, जणू भूकंप त्यांनीच घडवून आणला. शेवटची जीप सुटायला आली की मी आत जाऊन म्हणायचे, "ब्रदर, देव थांबते. जीप थांबत नाई." तो माझ्याकडे इतक्या क्षमाशील नजरेने बघायचा, की हातातली पट्टी त्याच्या टाळक्यात घालावी.

घरी तेच. गॅसचं सिलिंडर दारात येऊन पडलं की याला हमखास एखाद्या देशाची आठवण व्हायची. बायको ते सिलिंडर तिरकं करून, गरागरा फिरवत आत न्यायची. बायको सिरोंच्याची, गोदावरीकाठची, माहेरी तेलुगू बोललेली. बोलायची कमी. लोकांचे ब्लाऊज, फ्रॉक शिवायची आणि निम्मं घर त्या मशीनवर चालायचं. मुलगी एकच, तेव्हा अकरावीची परीक्षा दिलेली. बापाच्या बरोबर रस्त्याने जायची वेळ आली की दहा पावलं मागे राहायची.

आणि घरात याचे वडील होते. त्यांची उभी हयात राइस मिलमध्ये गेली होती. मिलने त्यांचे दोन्ही कान खाल्ले होते, त्यामुळे मुलाच्या प्रार्थना त्यांना ऐकू येत नसत. मी एकदा म्हटलं, "बाबा, तुमचं बरं हाये."

"काय?"

"बरं हाये म्हटलं तुमचं!"

"हो बाई, बरं हाये. खोकला तेवढा हाये."

असे आम्ही व्हरांड्याच्या कठड्यावरून बोलायचो, ओरडून. अर्ध्या गल्लीला कळायचं.

ईस्टरनंतरच्या एका रविवारी तो चर्चमध्ये उभा राहिला. हात छातीवर. या वेळी ओझं फार मोठं होतं. प्रभूने त्याला एक शहर दाखवलं होतं. मोठी नदी, तिच्यावर लोखंडाचा प्रचंड पूल, आणि पुलावरून अंधारात चाललेली माणसंच माणसं. "कलकत्ता!" तो म्हणाला. बायकांनी पदर तोंडाला लावले. तो पूल आमच्या शाळेच्या ऑफिसातल्या कॅलेंडरवर त्याच महिन्याच्या पानावर होता, अगदी त्याच्या टेबलासमोर. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही. देवाने कॅलेंडर वापरू नये असं थोडंच आहे.

आमचे पास्टर भले गृहस्थ. त्यांनी हळूच विचारलं, "कलकत्त्यात मोठमोठी चर्च आहेत ना, ब्रदर? जुनी?"

"चर्च हायेत पास्टर. ओझं नाई."

सहकुटुंब जायचं, असा आदेश होता. कुणाचा, ते विचारायची सोय नव्हती. बायकोने लग्नसराईचं शिवण हाती घेतलेलं होतं, ते कापड अर्धं कापलेलं लोकांना परत करावं लागलं. मी त्याला म्हटलं, "बंगाली लोकांसाठीच प्रार्थना कराची तर चामोर्शीकडं उतरा ना. गावंच्या गावं हायेत त्यायची. दुपारच्या जेवणाले घरी याल." आमच्या बाजारात तिकडच्या निर्वासितांपैकीच एक बंगाली मासे घेऊन बसायचा. हा त्याच्याशी इतकी घासाघीस करायचा, की तो बिचारा याला लांबून पाहताच टोपली झाकायचा. माझ्या बोलण्यावर हा म्हणाला, "सिस्टर, तुमी जवळचं पाह्यता. प्रभू दूरचं पाह्यते."

जाण्याआधी घर शुद्ध करायचं होतं. म्हणजे उपास. एकच वेळ जेवण, मासळी बंद. स्वतःपुरतं ठेवलं असतं तर माझी हरकत नव्हती, पण तो नियम त्याने म्हाताऱ्यालाही लावला. बाबांना सुके झिंगे घातलेली वांग्याची भाजी जीव की प्राण. ती बंद झाली ते त्यांना कुणी नीट सांगितलंही नाही. त्यांना वाटलं, बाजारात झिंगे यायचे थांबले.

बाबांना नेणार नव्हते. एवढी दगदग त्यांना सोसली नसती. तर त्यांचं काय? तो माझ्या दाराशी आला, डोळे मिटले, आणि मी समजले. "सिस्टर, प्रभूनं तुमचं नाव देलं."

मी हो म्हटलं ते बाबांसाठी. प्रभूने माझं नाव दिलं असेल तर मला थेट सांगितलं असतं. आमचं बोलणं आहे.

स्टेशनवर अर्धी मंडळी निरोपाला आली होती. गोंदियापर्यंत पॅसेंजर, तिथून हावड्याची गाडी. बायकोच्या दोन्ही हातांत पिशव्या, मुलीच्या पाठीवर अंथरुणाची वळकटी. हा मोकळ्या हातांनी लोकांच्या डोक्यावर हात ठेवत फिरत होता. आणि त्याच्या खांद्याला एक पत्र्याची पिपाणी लटकत होती, जत्रेत मिळते तशी. ती कशासाठी, ते नंतर कळलं.

ते दिवस बाबांचे फार चांगले गेले, हे मला सांगितलंच पाहिजे. पहिल्याच दुपारी मी झिंगे घालून वांगी केली. ताट पाहून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आले का झिंगे बाजारात?"

"आले!"

"म्या म्हणतच होतो, येतीन."

संध्याकाळी ते काठी टेकत माझ्याबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत यायला लागले. तिथल्या पारावर बसून मिलच्या गोष्टी सांगायचे. कुठल्या शेटचा धान कसा होता, पट्टा तुटला तेव्हा कोण कसं वाचलं. त्यांचा मुलगा लहानपणी मिलमध्ये डबा घेऊन यायचा आणि तांदळाच्या ढिगावर झोपी जायचा, हेही सांगितलं. "पांढरा होऊन घरी जाये. माय त्याले झटकून घे." तो माणूस कधी लहान होता, ही गोष्ट मला खरी वाटायला वेळ लागला.

तिकडून रोज व्हिडिओ यायचे. त्यातून, आणि पुढे मुलीने सांगितलं त्यातून, सगळं समजलं.

त्याचा बेत यरीहोचा होता. तुमच्यापैकी ज्यांना ही कथा माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. देवाच्या लोकांनी यरीहो शहराभोवती सहा दिवस रोज एक फेरी मारली, सातव्या दिवशी सात मारल्या, रणशिंगं वाजवली, आरोळी ठोकली, आणि तटबंदी कोसळली. याला कलकत्त्याभोवती तसंच करायचं होतं. पिपाणी त्यासाठी. पोचल्यावर त्याने लॉजच्या मालकाला विचारलं, "शहराभोवती चक्कर माराले किती वेळ लागते?" मालकाने त्याला पुन्हा विचारायला लावलं, मग आतून आपल्या भावाला बोलावून आणलं आणि त्याच्यासमोर तिसऱ्यांदा विचारायला लावलं.

ब्रह्मपुरीचा माणूस. त्याच्या डोक्यात शहर म्हणजे बाजार चौकापासून स्टेशनपर्यंत.

मग प्रभूने सवलत दिली. लॉजजवळ एक बाग होती, बागेत तळं होतं. त्या तळ्याला फेरी मारायची, तेच कलकत्ता समजायचं. सकाळी ही तिघं एकामागे एक, तोंडातून शब्द न काढता तळ्याभोवती चालायची. आजूबाजूला तब्येतीसाठी चालणारे लोक. तिसऱ्या दिवशी एका बंगाली म्हाताऱ्याने याला थांबवून हिंदीत सांगितलं, की इतकं हळू चालून पोट कमी होत नाही. चौथ्या दिवशी याने सरावासाठी पिपाणी फुंकली, तर पहारेकऱ्याने स्वतःची शिट्टी फुंकली आणि बाहेर काढलं. त्या दिवशीच्या व्हिडिओत तो म्हणाला, "सैतान जागा झाला." मागे मुलगी दिसत होती. तिने ओढणी डोळ्यांपर्यंत ओढून घेतली होती.

सहाव्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर बाबा खाटेवर बसून होते. श्वास वर वर चाललेला, ओठ काळसर. डॉक्टर घरी आले. म्हणाले, हृदय थकलं आहे, नागपूरला न्यायचं तर न्या, पण वाट सोसेल असं वाटत नाही. बाबांनी माझ्या चेहऱ्यावरून काय ते ओळखलं आणि मानेने नाही म्हटलं. मग म्हणाले, "त्याले बलाव."

मी फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडून तो म्हणाला, "सिस्टर, उद्या सातवा दिवस हाये."

"मंग?"

"सात फेऱ्या राह्यल्या. यरीहोची भित पडाच्या वक्ताले पाय मांगं घेऊ का?"

"तुमचा बाप मरून राह्यला, ब्रदर."

"सैतान असाच करते. बरोब्बर सहाव्या दिवशी." त्याचा आवाज कापत होता, हे खरं आहे. मी ते मान्य करते. पण कापणाऱ्या आवाजातही तो म्हणाला, "फोन बाबाच्या कानाले लावा. मी इथूनच प्रार्थना करतो."

मी फोन बाबांच्या कानाला लावला. त्या कानाला, ज्याला मिलचा भोंगाही ऐकू येत नसे. तो तिकडून ओरडून प्रार्थना करत होता. मला दोन हात लांबूनही शब्द न् शब्द ऐकू येत होता. व्याधीला आज्ञा देत होता, मृत्यूला दटावत होता. बाबा डोळे बारीक करून ऐकायचा प्रयत्न करत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी मला विचारलं, "काय म्हणते तो? गोंदियाले पोचला का?"

मी म्हटलं, "पोचला."

"मंग येते," ते म्हणाले, आणि उशीला टेकले.

फोन अजून चालूच होता. त्याने ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही. मध्येच त्याचा आवाज तुटला आणि बायकोचा आला. तिने त्याच्या हातातून फोन घेतला होता. "बाई, आमी निघून राह्यलो. मी अन् पोरगी. बाबाले सांगा." एवढंच. मागे तो काहीतरी म्हणत होता, तिने पुरं होऊ दिलं नाही.

बाबा त्याच दुपारी गेले. भर उन्हाळा, बाहेर झळा. मी त्यांच्या हातावर हात ठेवून बसले होते. शेवटपर्यंत त्यांची नजर दाराकडे होती. मुलगा गोंदियाहून निघाला आहे, या भरवशावर तो माणूस गेला. मला त्या खोट्याचं काही वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन.

बर्फाच्या लाद्या आणून देह ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी बायको आणि मुलगी आल्या. जनरलच्या डब्यात दाराशी बसून आल्या होत्या, कपडे कोळशासारखे. बायकोने पिशवी ठेवली, बाबांच्या पायाशी बसली, त्यांच्या तळव्यांवरून हात फिरवला. तेलुगूत काहीतरी म्हणाली. मग उठून तिने हातपाय धुतले आणि विचारलं, "खड्डा झाला का?"

मुलाच्या हातची पहिली माती पडायची ती नातीच्या हातची पडली. पोरीने मूठ उघडली, आणि कितीतरी वेळ तो हात तसाच धरून ठेवला. साधारण त्याच वेळी तिकडे तळ्याभोवती सातवी फेरी संपत असेल. आरोळी त्याने ठोकली की नाही, विचारू नका. कलकत्ता आहे तिथेच आहे.

तो आला तो हातात रसगुल्ल्यांचा डबा घेऊन. मंडळीत वाटायला. कबरस्तानात चला म्हणून पास्टर दोनदा म्हणाले. "बाबा तिथं नाईत, पास्टर. बाबा प्रभूजवळ हायेत." गेला नाही.

त्या रविवारी त्याने चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली. मी पुढच्याच बाकावर होते. सहाव्या दिवशी सैतानाने बापाच्या निमित्ताने कसं मागे खेचलं, आपण कसे हललो नाही, आणि शेवटची फेरी पुरी होताच आपल्याला कसा बाबांचा चेहरा प्रकाशात दिसला, हे त्याने सांगितलं. "भित पडली, भावांनो! बाबा अन् प्रभूच्या मधातली भित पडली!" लोक रडले. काहींनी हात वर केले. तेवढ्यात मागे बायकांच्या बाजूला बाक सरकल्याचा आवाज झाला. त्याची बायको उठली होती. तिने मुलीचा दंड धरला, आणि दोघी मधल्या वाटेने चालत बाहेर गेल्या. घाई नाही, रडणं नाही. तो बोलता बोलता थांबला. हात छातीकडे गेला, पण तो काय म्हणणार होता ते त्याला आठवलं नसावं.

महिन्याभरात शिवणाची मशीन गोणपाटात बांधून सिरोंच्याच्या बसवर चढली. मी स्टँडवर गेले होते. म्हटलं, "राह्यशीन तिकडं?"

"राह्यतो बाई. तिकडं भाऊ हाये, शिवण हाये." मग तिच्या चेहऱ्यावर प्रथमच काहीतरी हललं. "अन् गोदावरी हाये. तिले फेरी मारता येत नाई."

बस सुटली तेव्हा मुलगी खिडकीतून हसत होती. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती.

पुढे तो एकटाच राहिला. भिंतीपलीकडून प्रार्थनांचे आवाज यायचे, आता रोज वेगळं शहर. तुम्ही म्हणाल, एकट्या माणसाला डबा पाठवायचा. पास्टरांच्या बायकोने पाठवला, मी नाही. मला ते जमलं नाही आणि जमावं असंही वाटलं नाही. सुट्टीनंतर शाळेत तो माझ्या टेबलाजवळून जाताना डोळे खाली घालायचा. मी त्याच्याशी दाखल्यांपुरतं बोलायचे. दिवाळीच्या सुमारास त्याने नोकरी सोडली. कलकत्त्याच्या कुठल्याशा प्रार्थनागृहात त्याला राहायला बोलावलं आहे, असं मंडळीत जाहीर केलं. या वेळी निरोपाला फार कुणी गेलं नाही.

तो जाण्याच्या आदल्या दिवसाचं सांगते आणि थांबते.

धानाची कापणी सुरू झाली होती. पावसाळा संपला की आम्ही आपापल्या माणसांच्या कबरी साफ करतो. मी माझ्या आईच्या कबरीवरचं गवत उपटत बसले होते. कबरस्तानात दुसरं कुणी नव्हतं. फाटक वाजलं म्हणून पाहिलं तर तो.

आत आला आणि उभाच राहिला. त्या उन्हाळ्यात आमच्या मंडळीत चार-पाच मरणं झाली होती, मातीचे ढीग एका ओळीत होते. लाकडी क्रूस होते, पण पावसाने रंग धुऊन गेला होता आणि बाकीचं वाळवीने खाल्लं होतं. सिमेंटचं काम सिरोंच्याहून बायको आली की होणार होतं. तो त्या ओळीवरून एकदा गेला. परत आला. वाकून एका क्रूसावरची अक्षरं पाहिली, बोटाने माती पुसली, पुढच्याकडे गेला. मी पाहत होते.

शेवटी तो माझ्याजवळ आला. डोळे उघडे होते, हात दोन्ही बाजूंना लोंबत होते.

"सिस्टर, बाबाची कोणती व्हय?"

मी उठले नाही. बसल्या जागेवरून बोटाने दाखवली. काठावरची, बोरीच्या झाडाखालची.

तो तिथे गेला. मला वाटलं, आता सुरू होईल. गल्लीभर ऐकू जाणारा तो आवाज, त्या आज्ञा, ते दटावणं. मी हातातलं गवत घट्ट धरून वाट पाहिली. काहीच आलं नाही. तो नुसता उभा होता. मग खाली बसला. ढिगाऱ्यावर पडलेली बोरीची पानं एक एक करून उचलली आणि खिशात घातली. बाजूला टाकून द्यायची पानं, पण त्याने खिशात घातली. मग कबरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने माती सारखी केली, आणि मान न वळवता मला म्हणाला, "लहान दिसते ना, सिस्टर? बाबा उंच होते."

मी आईच्या कबरीकडे वळले आणि उरलेलं गवत उपटायला लागले.